कुणाकडून आलं?

दोह्याच्या एज्युकेशन सिटीत मी जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करते. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या मुलांच्या रक्तातून त्या दोषाचं मूळ शोधायचं, हे आमचं काम. जगभरात शंभरातलं साधारण एक मूल असा दोष घेऊन येतं. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला भोक, कुणाची झडप अरुंद, कुणाचं हृदयच छातीत उजवीकडे. ऑपरेशनची सोय इथे आहे. २०१८ साली सिद्रा मेडिसिन हे स्त्रिया आणि मुलांचं मोठं रुग्णालय याच परिसरात पूर्णपणे सुरू झालं. पण मूल आयसीयूतून बाहेर आलं, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, की कुणीतरी, बहुतेकदा आजी, विचारतेच: हे कुणाकडून आलं?

या प्रश्नाची मला भीती वाटते. त्याचं उत्तर निष्काळजीपणे दिलं तर एका सुनेला ते जन्मभर ऐकावं लागतं.

आधी वंशावळ काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायको नात्यातले असतील तर मधे दुहेरी रेघ. कतारी लग्नांपैकी निम्म्याच्या आसपास नात्यातली, त्यामुळे एका कुटुंबाच्या चार पिढ्या मांडताना दुहेरी रेघांनी कागद भरून गेला आणि शेवटी दोन कागद जोडावे लागले. बाहेरून आलेले सहकारी ते बघून कधीकधी नाक मुरडतात. मला ते जमत नाही. मी सांगलीकडची. माझे आई-बाबा आते-मामेभावंडं. आजी आईची सख्खी आत्या. आईचं पहिलं मूल, माझा मोठा भाऊ, जन्मल्यावर काही दिवसांतच निळा पडून गेला. टू-डी इको तेव्हा कुठला? का गेला ते कधीच कळलं नाही. आजी मात्र अखेरपर्यंत आईच्या माहेरच्या रक्ताला बोल लावत राहिली. ते माहेर तिचंही होतं.

म्हणून मी वंशावळीच्या वेळीच आकडे सांगून टाकते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात जन्मलेल्या हजारो बाळांचा अभ्यास २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सख्ख्या चुलत-मामे-आते भावंडांच्या लग्नात जन्मजात व्यंगाचा धोका तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जातो, असं त्यात दिसलं. धोका दुप्पट, हे खरं. पण शंभरातली चौऱ्याण्णव बाळं धडधाकट, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एका दमात सांगायला हवीत.

मग आई, बाप आणि मूल अशा तिघांचं रक्त. जांभळ्या बुचाच्या छोट्या नळ्या. त्यातला डीएनए वाचून झाला की तिघांचे पट्टे स्क्रीनवर एकाखाली एक लावायचे. सगळं राखाडी असतं, जिथे अक्षर बदललंय तिथेच रंग दिसतो. ज्या कुटुंबाबद्दल लिहितेय (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही), त्यांच्या बाळाचं हृदय उजवीकडे होतं आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा चुकलेली. एका जागी आईच्या पट्ट्यात निम्मा लाल, निम्मा राखाडी. बापाच्या पट्ट्यातही तसंच. बाळाच्या पट्ट्यात वरपासून खालपर्यंत नुसता लाल. दोघांनी त्या जनुकाची आपापली एकेक सदोष प्रत दिली होती. एकेकटी असताना ती दोघांनाही बाधली नव्हती.

सगळीकडे असंच असतं असं नाही. १९९८ साली हार्वर्डच्या सायडमन दांपत्याच्या गटाला हृदयदोषामागचं ‘एनकेएक्स२-५’ हे जनुक सापडलं, २००३ साली विदू गर्ग आणि दीपक श्रीवास्तव यांना ‘गाटा-४’. त्या कुटुंबांत एकच सदोष प्रत पुरत होती. काही मुलांत तर बदल आई-बापांत नसतोच, नव्यानंच घडतो. या बाळाचं जनुक होतं केसासारख्या सूक्ष्म तंतूंचं. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या पृष्ठभागावरच्या एका खळग्यात हे तंतू गरगर फिरतात, भोवतीचा द्रव डावीकडे वाहू लागतो आणि त्या प्रवाहावरून शरीराची डावी बाजू ठरते. प्रवाह बंद पडला की हृदय कुठे वळेल याचा नेम नाही. हे मला दरवेळी नव्यानं थक्क करतं.

तरी अहवाल लगेच दिला नाही. बदल दुर्मीळ आहे म्हणजे दोषी आहे, असं नसतं. जगातल्या मोठ्या जनुकसंचांत युरोपीय वंशाचेच लोक जास्त, त्यामुळे अरबांत सर्रास आढळणारं अक्षरही तिथे दुर्मीळ दिसतं. कतार जीनोम प्रकल्पात हजारो लोकांचे जनुकसंच वाचलेले आहेत म्हणून इथे ताडून बघता येतं; धडधाकट प्रौढांत तोच बदल दोन्ही प्रतींवर सापडला तर संशयित सुटतो. आमचा सुटला नाही.

मराठी माणसासाठी अशी सोय आता कुठे उभी राहतेय. जीनोम इंडियाचे दहा हजार जनुकसंच २०२५ च्या जानेवारीत अभ्यासकांना खुले झाले, पण आपल्याकडच्या जाती-जमाती आणि नात्यातल्या लग्नांचा पसारा पाहता दहा हजार फार थोडे. सांगली-कोल्हापूरच्या बालरुग्णालयांतून हृदयदोष असलेल्या बाळांचं आणि त्यांच्या आई-वडिलांचं रक्त संमतीनं जपून ठेवावं, असं मी भेटेल त्या डॉक्टरला सांगते.

अहवालाच्या दिवशी आजीही आली होती. दुभाषी बाई शेजारी. मी तिन्ही पट्टे दाखवले आणि लाल रंगावर बोट ठेवून म्हटलं, आईकडून एक, वडलांकडून एक. दोघांना मिळालं बहुधा एकाच पणजोबा-पणजीकडून. म्हणजे आजी, तुमच्याही घरातून. आजी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग सुनेनं विचारलं, पुढचं मूल? प्रत्येक गरोदरपणात चारात एक, मी म्हटलं. एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाचा इको करता येतो, त्याआधीही तपासण्या आहेत. तिनं सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. बापानं धाकट्या भावाचं विचारलं, त्याचं लग्न मामाच्या मुलीशी ठरत होतं. दोघांनाही तपासणीला पाठवा, मी म्हटलं.

निम्म्याहून जास्त कुटुंबांना मी असं काहीच दाखवू शकत नाही. त्यांच्या फाइली बंद करत नाही. नवी जनुकं सापडत राहतात, तसे जुने पट्टे पुन्हा उघडून वाचतो. येत्या आठवड्यात त्यातल्याच काही काढायच्या आहेत.