कुणाच्या हुकमानं?

मी मागावरचा माणूस. इचलकरंजीत गिरणीत बारा तासांची पाळी करतो. चारी बाजूंनी धोटे आपटत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर खुणेनं. कान निम्मे गेलेत. पण त्या कानांनी एक गोष्ट शिकून घेतली. सगळे माग खडखडत असताना एखाद्याचा ठोका किंचित घसरला, तर पाठमोरा असलो तरी मला कळतं. पाय आपसूक तिकडं वळतात. हे आधी सांगतोय, कारण ज्या संगीताबद्दल लिहिणार आहे ते मला कुणी शिकवलेलं नाही. नोटेशन येत नाही. इंग्रजी कामापुरतं. हाताशी होते ते हे निम्मे कान.

ब्लॅक पँथरबद्दल वाचत होतो. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला उभी राहिलेली संघटना. तिच्या नावावरनं १९७२ साली मुंबईत दलित पँथर झाली. ते वाचता वाचता काळ्या माणसांच्या गाण्याबजावण्याकडं सरकलो, आणि एका रात्री मोबाइलवर चिक वेब सापडला.

बिग बँड म्हणजे जाझवाल्यांची फौज. ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन यांच्या रांगा, जोडीला पियानो, गिटार, बास आणि ड्रम. ड्रमवाला बहुतेक मागंच. पुढं उभा राहून फौज हाकणारा दुसरा कुणी. इथं उलटं होतं. बँडच ड्रमवाल्याचा. नाव त्याचं, इशारा त्याचा.

हा बाल्टिमोरचा काळा पोरगा. लहानपणीच मणक्याला क्षय झाला. उंची खुंटली, पाठीला कुबड आलं, दुखणं जन्माला चिकटलं. पेपर विकून ड्रम घेतले. यालाही नोटेशन वाचता येत नव्हतं. अख्ख्या बँडचं संगीत तोंडपाठ ठेवायचा. पायात घ्यायची पेडलं स्वतःच्या बेतानं करून घेतलेली. फोटोत बघा, ड्रम थोरला, माणूस बारका.

तो वाजवायचा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, सॅव्हॉय बॉलरूममध्ये. हे नाचघर १९२६ साली सुरू झालं. त्याच हार्लेममध्ये कॉटन क्लब होता. तिथं वाजवणारे काळे, नाचणारे काळे आणि खुर्चीत बसून बघणारे गोरे. सॅव्हॉयला तसं नव्हतं. काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचायचे. ११ मे १९३७ च्या रात्री बेनी गुडमनचा बँड तिथं सामन्याला आला. गुडमनला तेव्हा स्विंगचा राजा म्हणायचे. त्याचा ड्रमवाला जीन क्रूपा देशभर गाजलेला. निकाल लागला वेबच्या बाजूनं. क्रूपानं त्याच्यापुढं मान लववली. गोऱ्यानं काळ्यापुढं, १९३७ साली, भरल्या नाचघरात.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. पण ४ मे १९३९ ला बोस्टनच्या साउथलँडमधून त्याच्या बँडचा कार्यक्रम रेडिओवर गेला, तो राहिलाय. तो ऐका. स्टुडिओतली ७८ फेऱ्यांची तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात गाणं, ट्रंपेट, सॅक्सोफोन सगळं कोंबायचं, ड्रमच्या वाट्याला चिमूटभर. रेडिओपुढं तो मोकळा सुटतो. आधी दिसतच नाही, खालून नुसता ढकलत असतो. एक रांग थांबते, दुसरी सुरू व्हायची असते, मधे जरा फट. त्या फटीत तो ठोका घालतो आणि पुढची रांग उचलून देतो. मग सगळे थांबतात आणि तो एकटा. या रेकॉर्डिंगनंतर दीड महिन्यानं, १६ जूनला तो मेला. ठोक्यात कुठं कण्हणं सापडतं का, मी शोधलं. नाही सापडलं.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या आज्ज्यानं हलगी सोडली. १९५६ ची नागपूरची दीक्षा झाली आणि त्यानं हलगी चुलीत घातली. कातडं जळल्याचा वास दोन दिस घरात होता म्हणतो. गावात लग्न असो, जत्रा असो, मढं असो, बोलावणं आलं की जायचं. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं, पंगतीत सगळ्यांच्या मागं, तेही लांब, उकिरड्याच्या कडंला. ती हलगी जाळली म्हणून मी आज माणसासारखा लिहितोय. मग मी रात्री उशाशी ड्रम ऐकतो, तो कुठल्या तोंडानं? हे मी कुणाला बोललो नव्हतो.

आज्जा आता नव्वदीला टेकलाय. एका रविवारी मोबाइल त्याच्या कानाशी धरला. म्हातारा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. बोटं हलली नाहीत. मी बघत होतो.

मग म्हणाला, "ह्यो कुणाच्या हुकमानं वाजवतोय?"

"त्याच्याच. बँड त्याचा हाय. त्यानं खूण केल्याबिगर कुणी सूर काढत न्हाई."

"आन् जागा कुणाची?"

मला खोटं बोलता आलं नाही. सॅव्हॉयच्या मालकांतला मो गेल गोरा होता आणि वेबच्या बँडचा कारभारही तोच बघायचा. नफा कुठं मुरत असेल हे मला कुणी सांगायला नको, मी गिरणीत आहे. म्हणालो, "जागा गोऱ्याची."

म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंजे निम्मं सुटलंय."

सुटलो नाही असं तो म्हणाला नाही. सुटलो असंही म्हणाला नाही. मी पुस्तकं वाचून जे बोलू शकलो नव्हतो ते त्यानं दोन शब्दांत सांगितलं. दोष कातड्यात नव्हता, बोलावण्यात होता. आज्ज्यानं जाळलं ते बोलावणं.

वेब मेल्यावर त्याचा बँड एला फिट्झजेराल्डच्या नावानं चालला. १९३५ साली आली तेव्हा ती अठराचीही नव्हती, बेघर पोर. म्हणजे सुटलेलं निम्मं तरी त्यानं मरताना मालकाच्या नावावर जाऊ दिलं नाही.

उरलेल्या निम्म्याचं काय, ते म्हाताऱ्यानं सांगितलं नाही. ते त्याचं काम नव्हे. त्याच्या वाट्याचं त्यानं चुलीत घातलंय.