मांडवाखालच्या मोटारी

परगांवीं गेलें कीं आधीं देऊळ, मग घाट, मग बाजार, असा आमचा क्रम. अमेरिकेंतील ओहायो नदीकांठच्या सिन्सिनाटी शहरीं मात्र प्राणिसंग्रहालयाबाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेपाशीं, वाचकांनीं क्षणभर थांबावें.

हें संग्रहालय १८७५ सालीं उघडलें. १९३२ सालीं तें नगरपालिकेनें विकत घेतलें. त्याच्या वाहनतळावर २०११ सालीं उंच मांडव घालून त्यावर सुमारें ६,४०० सौर पॅनेलें बसविण्यांत आलीं. त्यांची क्षमता दीड हजार किलोवॅटांहून अधिक. वर वीज, खालीं मोटारींना सावली! मांडवाचें भांडवल मात्र संग्रहालयानें घातलें नाहीं. तें एका खासगी कंपनीनें घातलें. संग्रहालयानें वीज तेवढी ठरल्या दरानें घेण्याचा करार केला. विहीर दुसऱ्यानें खणावी आणि आपण घागरीमागें मोल द्यावें, तसा हा व्यवहार. त्यांत अनेक वर्षांचें बंधन येतें हें खरें; पण गांठीं पैसा नसलेल्या सार्वजनिक संस्थेचें काम अडून राहत नाहीं.

ह्याच संग्रहालयांत १ सप्टेंबर १९१४ रोजीं मार्था नांवाची प्रवासी पारव्याची मादी मेली. ह्या पक्ष्यांचे थवे एके काळीं आकाश झांकून टाकीत. मार्था त्या जातींतील शेवटची. विपुल आहे तें सरणारच नाहीं, ही समजूत किती महाग पडते, हें त्या रिकाम्या पिंजऱ्यानें शिकविलें. ओहायोंतील बहुतेक वीज २०११ सालीं कोळशावर होत असे. अशा प्रांतांत, त्याच दाराशीं, तो धडा गिरविलेला पाहून समाधान वाटतें.