दादीची पुतळी

अंबाजोगाईला आमच्या घरातले बुजुर्ग शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणत. त्या घरात दादीच्या गळ्यात अकरा पुतळ्यांची माळ होती. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसं खडी फोडायला गेली, तरी ज्वारी पुरेना. एकेक करून दहा पुतळ्या गेल्या. उरलेली एक दादीने काळ्या दोऱ्यात ओवली. नमाजच्या वेळी ती दोरा काढून उशीखाली ठेवी. आम्ही विचारलं की म्हणे, "सूरत है रे उसपे."

सूरत कुणाची, हा प्रश्न उभा राहिला १९८६ साली, बाजीच्या निकाहच्या वेळी. दादी म्हणाली, पुतळी बाजीला. बडे अब्बा म्हणाले, गळ्यात बुत घालून आमची मुलगी सासरी जाणार नाही, वितळवा आणि कानातलं करा. आम्ही दोघे भाऊ ती घेऊन सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, पुतळी कपाळाला लावली आणि परत दिली. "हे राम-सीता आहेत. मी मुशीत नाही घालायचो. दुसरीकडे न्या." आम्ही तसेच परतलो. बडे अब्बांचा संशय पक्का झाला. दादी दोन दिवस जेवली नाही. बाजी पुतळीविनाच सासरी गेली.

पुढे त्या वेळच्या औरंगाबादला शिकत असताना ग्रंथालयात जुन्या नाण्यांचं एक पुस्तक हाती लागलं. पान उलटलं आणि आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "दादीची पुतळी!"

ते व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं होतं, डुकाट. १२८४ साली सुरू झालं आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात पडत राहिलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास निखळ. उभी आकृती संत मार्कची. त्याच्यापुढे गुडघे टेकून निशाणाची काठी धरलेला माणूस म्हणजे शहराचा प्रमुख, डोज. आणि मागच्या बाजूला, ताऱ्यांच्या लंबगोलात, हातात इंजील घेतलेले हजरत ईसा.

सोनारकाकांना काठीत धनुष्य दिसलं असावं. त्यांना तरी का हसावं? तमिळ मुलखात लोकांनी त्याच काठीचा ताड केला, डोजला ताडावर चढणारा शाणार केलं आणि नाण्याला नाव दिलं 'शाणार कासू'. कैरोतले मोठे विद्वान कलकशंदी (निधन १४१८) यांनीही लिहून ठेवलं की एका बाजूला राजा आहे आणि दुसरीकडे पीटर आणि पॉल. तेही चुकलेच. अरब बाजारात या नाण्याला 'मुशख्खस' म्हणत, म्हणजे सूरत असलेलं. पुतळीच की! ते इतकं चालत होतं की १४२५ मध्ये मिसरचे सुलतान अल्-अश्रफ बर्सबाय यांनी त्याच वजनाचा, पण बिनसूरतीचा दिनार पाडला. आपल्या तोंडातली 'अश्रफी' त्यांच्याच नावाची. आणि घोरीचं काय? मुहंमद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर तर बसलेली लक्ष्मी आहे आणि मागे नागरीत त्याचं नाव. बाजाराला जी सूरत ओळखीची, तिच्यावर सोनं चालतं.

सुट्टीत घरी येऊन आम्ही पुतळी पुन्हा नीट पाहिली. पुस्तकातल्या नाण्यावर कडेने लॅटिन अक्षरं होती. आमच्या पुतळीवर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होत्या. म्हणजे ती व्हेनिसची नव्हेच. असली नाणी समुद्रमार्गाने इकडे येत, त्यांवरून इथले सोनार साचे करत. आमच्या पुतळीचा साचा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. त्याने इंजीलचा केला चौकोनी ठिपका. कुणाची मूर्ती आपण कोरतोय, हे त्याला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

बडे अब्बांना आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितलं की हे राम-सीता नाहीत, हे ईसा अलैहिस्सलाम आहेत. आम्हाला वाटलं होतं, आता तरी ते मानतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फिर तो और बुरा. नबीयों की सूरत कौन बनाता है?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. दादी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिने सगळं ऐकलं आणि उशीखालून दोरा काढून आमच्या हातात दिला. "बाजीको दे के आओ. और इनको मत बताओ."

दुसऱ्या दिवशी आम्ही परळीची एसटी पकडली. बाजीने पुतळी उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "दादी कुठली बाजू वर ठेवायची?"

आम्हा दोघांनाही ते आठवेना.