तंजावर : पुन्हा एकदा

पाहुणा म्हणून पाहिलेले गाव आणि बिऱ्हाड थाटलेले गाव यांत किती अंतर असते! लग्नानंतर सहलीला आलो, तेव्हा १०१० साली पुरे झालेले राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर, त्याचे दोनशे फुटांहून उंच शिखर पाहून आम्ही दोघेही वेडावलो होतो. पुढे नोकरीने तिथेच आणून टाकले आणि महिन्याभरात सौ. म्हणाली, “अहो, बदलीचा अर्ज करा. इथे दिवसभर बोलायला माणूस नाही.” उन्हाने अन् न कळणाऱ्या तमिळने मीही वैतागलो होतो. अर्ज लिहून खिशात ठेवला.

संध्याकाळी देवळात गेलो. प्राकाराच्या नैऋत्येला ही एकदम थबकली. “अहो, मराठी!” खरेच! सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले कुळाचा इतिहास! ती अडखळत मोठ्याने वाचू लागली. शेजारच्या तमिळ आजींनी खुणेनेच अर्थ विचारला. हिने हातवाऱ्यांनी सांगितला. दोघी खळखळून हसल्या.

व्यंकोजीराजांचे कूळ १८५५ पर्यंत इथे नांदले. मग आम्हालाच कसली घाई?

त्या अर्जाच्या पाठीवर आता हिच्या अक्षरात तमिळ शब्दांची यादी आहे. पहिलाच शब्द, ‘वांगो’. म्हणजे, ‘या!’