थकबाकी

मराठीत माणूस थकतो तसा हप्ताही थकतो. एकच क्रियापद. हे मला भाषेच्या पुस्तकात नाही, नोकरीत कळलं.

पोटापाण्यासाठी मी ॲपमधली वाक्यं लिहिते. 'पिन चुकला आहे, पुन्हा प्रयत्न करा' हे कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, त्या कुणीतरींपैकी मी एक. एक्सेलमध्ये डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि तिसऱ्या रकान्यात अक्षरांची मर्यादा. इंग्रजीत बटणावर 'पे' एवढं पुरतं. मराठीत 'पैसे भरा' होतं आणि बटणाबाहेर सांडतं. त्यात आपल्या क्रियापदाला लिंग लागतं. नाव मशीन आपोआप भरणार, मग 'अमुक ग्रुपमध्ये आला' लिहायचं की 'आली'? दोन्ही लिहून मध्ये तिरपी रेघ मारली की सरकारी फॉर्म वाटतो. म्हणून आम्ही 'ने'चा आधार घेतो. 'अमुकने ग्रुप जॉइन केला.' इथे क्रियापद ग्रुपच्या मागे जातं, माणूस बाई की पुरुष हे विचारावंच लागत नाही. शाळेत कर्मणी प्रयोग कशासाठी शिकवतात याचं उत्तर असं उशिरा मिळालं. त्या दिवशी कविता जमल्याइतका आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग कर्ज देणाऱ्या एका ॲपचं काम आलं. हप्ता चुकलेल्यांना पाठवायचे मेसेज. पहिल्या दिवशीचा, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या. सूचना अशी की सूर मैत्रीचा हवा, पण ठाम. आणि पंधराव्या दिवशी वाचणाऱ्याच्या मनात 'तातडीची भावना' निर्माण व्हावी. भीती या शब्दाला ऑफिसात असं म्हणतात.

आमच्या घरी मी लहान असताना पतसंस्थेचा माणूस यायचा. त्याने आवाज कधीच चढवला नाही. फक्त दारात चपला नीट, शेजारी शेजारी काढून ठेवायचा. म्हणजे आता बसणार. बाबा मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि आई म्हणायची, "हे गावाला गेलेत." इतक्या वेळा म्हणून म्हणून त्या वाक्यात एक शब्द जास्त उरला नव्हता, एक कमी नव्हता. आज ज्याला आम्ही मायक्रोकॉपी म्हणतो, ती मी पहिल्यांदा तिथे ऐकली.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं होतं, की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, कर्जदाराला धमकावायचं नाही, त्याचा अपमान करायचा नाही. चांगलंच आहे. पण मी लिहीत होते त्यात धमकी नव्हतीच. शिवी नव्हती, 'कृपया' होतं, एक इमोजीसुद्धा होता. होतं ते फक्त चपला नीट काढून ठेवणं.

मित्रांना सांगितलं की ते अरुण कोलटकरांचं नाव घेतात. जाहिरातीत नावाजलेला माणूस, आणि कवितेत कोलटकर. 'अरुण कोलटकरच्या कविता' 1977 साली आली आणि पुढचे मराठी संग्रह यायला जवळपास पंचवीस वर्षं गेली. तात्पर्य : नोकरी कर, लिखाण कुठे पळून जात नाही. मला यातलं सांत्वन पुरत नाही. वेळेची माझी तक्रारच नाहीये. दिवसभर जे शब्द मी घाबरवायला वापरते, तेच रात्री माझ्या वहीत येतात. दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत. मराठी एकच आहे.

तर मी 'थकला' काढून 'राहिला' लिहिलं. 'तुमचा हप्ता राहिला आहे.' राहून गेलेल्या गोष्टीत माणसाची लाज निघत नाही. गॅलरीत कपडे राहतात, फोन करायचा राहतो. वर 'अडचण सांगा' असं एक बटणही सुचवलं. बटणाचं उत्तर आलं : ते दाबल्यावर न्यायचं कुठे, तशी स्क्रीनच नाही. 'राहिला'बद्दल बरीच चर्चा झाली. 'अर्जन्सी कमी वाटते' असं ज्यांनी म्हटलं त्यांना मराठी छान कळत होतं, हे मान्य करायला हवं. शेवटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी 'राहिला' गेला. पंधराव्या दिवशी 'थकला'च.

अर्धं जिंकल्याचं काय करायचं असतं मला कळत नाही. आनंद होत नाही, पण राजीनामा द्यावा असंही वाटत नाही. माझाही हप्ता आहे, लॅपटॉपचा.

त्याच आठवड्यात वहीत बऱ्याच महिन्यांनी काहीतरी उतरलं. कविता नव्हे, गोष्ट असावी. 'हे गावाला गेलेत' इथून सुरू होते. सहा पानं झाली आहेत आणि आता अडलंय. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर बाबा कुठे जायचे, किती वेळ उभे राहायचे, हे मला माहीत नाही. आईला कधी विचारलेलं नाही. या रविवारी घरी जाणार आहे, तेव्हा विचारेन. बाबा दुपारचे झोपल्यावर.