यार्डातलं इंजिन

1990च्या दशकातली अडीच लिटरची सुबारू चालवणाऱ्याची नजर वेगाच्या काट्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त असते. माझी 1997ची लेगसी आउटबॅक सपाटीवर फार गुणी गाडी होती. पण एव्हरेटहून हायवे 2 धरला, सुलतान आणि गोल्ड बार मागे पडले आणि स्टीव्हन्स पासचा चढ लागला, की काटा जागेवरून हलायचा. थोडा वर, परत खाली, परत वर. खिंड 4061 फुटांवर आहे आणि तिथवर पोचेपर्यंत हीटर पूर्ण चालू ठेवून इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची, असा प्रवास चालायचा. वर थांबून बॉनेट उघडलं की कूलंटच्या डब्यात बुडबुडे आणि डब्याच्या आतल्या बाजूला काळी चिकट घाण.

वॉशिंग्टन राज्यात जुन्या सुबारू अजून पावलोपावली दिसतात, त्यामुळे या लक्षणाचं निदान इथे कुणीही सांगेल. हेड गॅसकेट गेलं. ते का जातं हे समजून घेतल्यावर माझा गाडीवरचा राग मात्र गेला. सुबारूचं इंजिन आडवं असतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन जमिनीला समांतर धावतात. याच घराण्यातल्या 2.2 लिटरच्या इंजिनात, म्हणजे ईजे22मध्ये, सिलिंडरचा व्यास 96.9 मिलिमीटर आहे. 2.5 लिटर करताना तो 99.5 केला आणि स्ट्रोक 75वरून 79 मिलिमीटर. सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. म्हणजे गॅसकेटला टेकायला जी धातूची कड लागते ती अरुंद झाली. त्यात सुरुवातीच्या त्या ईजे25डी इंजिनाला कंपोझिट गॅसकेट होतं. कालांतराने ज्वलनाचा वायू त्या कडेवरून वाट काढतो आणि पाण्यात शिरतो. रेडिएटर बदला, थर्मोस्टॅट बदला, उपयोग होत नाही.

गॅरेजमध्ये विचारलं तर खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. गाडी भंगारात द्या, असा सल्ला मिळाला. मला तो पटला नाही. बॉडीला गंज नव्हता, गिअरबॉक्स मऊ चालत होता, चारही चाकांना ताकद नीट जात होती. एका कडेच्या दोषासाठी एवढी धड गाडी मोडीत काढायची हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

माझे शेजारी एव्हरेटच्या विमान कारखान्यातून मशिनिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिन एकदा ऐकलं आणि म्हणाले, गॅसकेट बदलू नकोस, इंजिनच बदल. इतक्यांदा तापलेल्या अडीच लिटरच्या खालच्या बेअरिंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी नेमकं सांगितलं ते असं: 1995च्या लेगसीचं ईजे22 शोध, आणि ऑटोमॅटिक गाडीतलंच घे, कारण त्याला ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, असतो आणि तुझ्या गाडीच्या कॉम्प्युटरला तो लागतो. त्या सालच्या इंजिनाच्या प्रत्येक हेडला एक्झॉस्टची दोन तोंडं आहेत, तुझ्या पाइपालाही तशीच. 1996पासून 2.2ला एकच तोंड केलंय, मग पुढचा पाइपही बदलावा लागेल. आणि त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. 1997पासून आपटतात.

ही सगळी माहिती त्यांच्या बोलण्यातून एका दमात आली. 165 हॉर्सपॉवर देऊन 135 घ्यायचे होते. चढावर कोण किती वेगाने जातो यापेक्षा कोण वर पोचतो, हे मला महत्त्वाचं होतं.

इथल्या यार्डांमध्ये हत्यारं आपली घेऊन जायची, प्रवेशाचं किरकोळ शुल्क द्यायचं आणि हवा तो भाग स्वतः खोलून आणायचा. गाड्या खडीवर, जोडलेल्या रिमांच्या स्टँडवर ओळीने ठेवलेल्या असतात. मागून ठोकर बसलेली 1995ची एक सेडान सापडली. पुढचा भाग जसाच्या तसा, ओडोमीटरवर सुमारे 1 लाख 40 हजार मैल. ऑइलचं झाकण उघडून बोट फिरवलं. स्वच्छ. कूलंटचा रंग हिरवा, त्यावर तवंग नाही. पाना लावून क्रँक हाताने फिरवला तर चारही कॉम्प्रेशन सारखी जाणवली.

ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन काढताना एका गोष्टीला फार जपावं लागतं. टॉर्क कन्व्हर्टरचे चार बोल्ट इंजिनाच्या वरच्या एका भोकातून, क्रँक फिरवत एकेक करून काढायचे. मग इंजिन पुढे ओढताना कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच राहिला पाहिजे. तो इंजिनाबरोबर बाहेर सरकला आणि परत पूर्ण न बसता दाबला गेला, तर गिअरबॉक्सचा पुढचा ऑइल पंप फुटतो. शेजाऱ्यांनी मला माझ्या गाडीवर हे करायला लावलं, स्वतः हात लावला नाही. बेल हाउसिंगमध्ये टॉर्च मारून, कन्व्हर्टर हाताने मागे ढकलून धरलेला मला आठवतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप पाइप न सोडता बाजूला बांधून ठेवला, रेडिएटर काढला आणि क्रेनने इंजिन वर आलं.

यार्डातलं इंजिन स्टँडवर चढवल्यावरचा काळ मला सगळ्यात आवडला. ऑइल पंप काढून त्याच्या मागच्या प्लेटचे स्क्रू तपासायचे, ते हमखास ढिले असतात. ओ-रिंग नवी घालायची. कॅमची सीलं नवी. मागच्या बाजूची सेपरेटर प्लेट प्लास्टिकची असेल तर ती वाकते आणि ऑइल गाळते, तिथे धातूची बसवायची. इंजिन बाहेर असताना हे काम तासाभराचं असतं. इंजिन आत गेल्यावर त्याच कामासाठी सगळं परत काढावं लागतं. टायमिंग बेल्ट लावताना क्रँकच्या पुलीवर बाण दिसतो, आणि नवखा माणूस तोच बाण वर धरतो. खरी खूण पुलीच्या मागच्या कडेच्या दातावरची बारीक रेघ आहे. शेजाऱ्यांनी पांढऱ्या रंगाने ती रेघ ठसठशीत केली आणि मग माझ्या हातात बेल्ट दिला.

त्या दिवसांत कोल्हापूरला आप्पांशी रोज बोलणं व्हायचं. त्यांनी शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर लेथ चालवला. मी मोबाइल इंजिनावर धरायचे आणि ते चष्मा वर करून बघायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हेड सपाट हाय का बघितलंस का? पट्टी ठेव, फिलर गेज घाल, मग बोल." मी म्हणाले, "आप्पा, हेड उघडलंच नाही. चालणारं इंजिन आहे, उगाच कशाला उघडायचं?" ते थोडे थांबले. "ते बी बरोबर हाय. चालत्याला हात लावू नये."

एकदा मी त्यांना शेजाऱ्यांची गाडी दाखवली. 1987ची जीएल वॅगन. तिचं मूळ इंजिन 1.8 लिटरचं ईए82, जेमतेम 90 हॉर्सपॉवरचं. त्या जागी शेजाऱ्यांनी ईजे22च बसवलेलं आहे, पण गिअरबॉक्स जुनाच ठेवलाय, कारण त्याला लो रेंजचा वेगळा दांडा आहे आणि जंगलातल्या चिखलाच्या रस्त्यावर तो लागतो. दोन पिढ्यांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अॅल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट. जुन्या फ्लायव्हीलला क्रँकवर बसायला सहा भोकं, नव्या क्रँकला आठ, म्हणून फ्लायव्हील नव्याने ड्रिल केलेलं. लेगसीतून काढलेलं वायरिंग टेबलावर पसरून, गाडीच्या दिवे-खिडक्यांच्या तारा वेगळ्या करून, फक्त इंजिनाला लागतं तेवढं त्यांनी ठेवलं होतं. कार्ब्युरेटरचा हलका पंप जाऊन इंजेक्शनचा जास्त दाबाचा पंप आला.

आप्पांचं लक्ष मात्र या सगळ्यापेक्षा चाकांनी वेधलं. त्या जुन्या सुबारूंना चार बोल्टची चाकं असतात आणि तसे रिम आता मिळत नाहीत. शेजाऱ्यांनी अमेरिकन पिकअप ट्रकचे सहा बोल्टचे रिम लावले होते. "सहाचं चारला कसं बसवलं?" आप्पांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "थांब, सांगू नको. पीसीडी किती?" पीसीडी म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास: गाडीची 140 मिलिमीटर, ट्रकच्या रिमची 139.7. ते हसले. "मग समोरासमोरची दोन भोकं आयतीच आली की! उरली दोन, ती काटकोनात पाडायची." तेच केलं होतं. मी हे शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि रिम उलटा करून आपण भोकांच्या कडा कशा साफ केल्या ते आप्पांना दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मिलिमीटर येत होते.

अशा जोडकामाकडे बरेच लोक तडजोड म्हणून बघतात. कंपनीने बनवलं ते अस्सल, आपण जोडलं ते जुगाड. सुबारूच्या बाबतीत तरी हा भेद टिकत नाही. बर्फाळ डोंगरात विजेच्या तारांची देखभाल करायला जपानच्या तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर कंपनीला चारही चाकांनी चालणारी बंदिस्त गाडी हवी होती. तेव्हा सुबारूच्या एफएफ-1 1300जी या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या व्हॅनवर प्रयोग झाला, आणि मागच्या बाजूला बसवला तो निसान ब्लूबर्डचा डिफरन्शियल. अशा मोजक्या गाड्या 1971मध्ये तयार झाल्या आणि त्यातूनच 1972ची लिओन फोर व्हील ड्राइव्ह वॅगन आली. ज्या गुणासाठी आज जगभर सुबारू घेतात, त्या गुणाची सुरुवात दुसऱ्या कंपनीचा भाग आपल्या गाडीला लावण्यातून झाली. शेजाऱ्यांच्या अंगणातली वॅगन मला त्या व्हॅनची थेट वारसदार वाटते.

आणि हे जमतं, कारण कंपनीने वर्षानुवर्षं सांगाडा बदलला नाही. 1989च्या पहिल्या लेगसीबरोबर ईजे इंजिन आलं. पुढे हेड बदलली, क्षमता बदलली, टर्बो आला. बेल हाउसिंगला आधी चार बोल्ट होते, मग आठ झाले, तरी जुनं-नवं एकमेकांना जुळतं. दरवर्षी मुद्दाम सगळं वेगळं करायचा मोह या लोकांनी टाळला, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. त्या संयमामुळेच माझ्यासारखीला यार्डात जाऊन स्वतःची गाडी वाचवता आली.

इंजिन आत गेलं, कनेक्टर एकाला एक बसले. कूलंट भरताना आधी वरच्या होजमधून इंजिनात ओतलं, म्हणजे आत हवा अडकत नाही. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद लिफ्टरांची टिकटिक झाली, ऑइल चढलं आणि आवाज बसला. चेक इंजिनचा दिवा विझलेला राहिला. त्या आठवड्यात स्टीव्हन्स पास चढले. ट्रक मला मागे टाकून जात होते आणि काटा अर्ध्याच्या किंचित खाली, पार लेव्हनवर्थपर्यंत तिथेच.

त्यानंतर गाडीत भाग येतच राहिले. मागचा डिफरन्शियल आवाज करू लागला तेव्हा यार्डातून दुसरा आणला. यात मोजल्याशिवाय काही घेऊ नये. 3.90, 4.11, 4.44 अशी वेगवेगळी गुणोत्तरं बाहेरून एकसारखी दिसतात, आणि पुढचं-मागचं जुळलं नाही तर गिअरबॉक्समधल्या मागच्या चाकांच्या क्लच प्लेटी जळतात. लेबल गेलं असेल तर दोन्ही चाकं एक पूर्ण फेरा फिरवायची आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. चारही टायरचा घेरही जवळजवळ सारखा लागतो, त्याच कारणाने.

आता ही इंजिनं यार्डात दुर्मीळ झाली आहेत. 1995ची लेगसी आली की पहिल्या दोन-तीन दिवसांत रिकामी होते. म्हणून मी एक ईजे22 जास्तीचं आणून, तोंडं टेपने बंद करून गॅरेजमध्ये ठेवलंय. पलीकडच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा ते मागायला आला होता. त्याच्याकडे 2000ची फॉरेस्टर आहे, खाली ऑइल आणि कूलंट दोन्ही ठिबकतं. मी दिलं नाही. त्याच्या सालचं गॅसकेट बाहेरच्या बाजूला गळतं, वायू पाण्यात शिरत नाही, आणि त्याची गाडी कधी तापलेली नाही. त्याला इंजिन नको, धातूच्या थरांचं चांगलं गॅसकेट हवंय आणि सपाट केलेली हेडं हवीत. शनिवारी त्याचं इंजिन माझ्या क्रेनवर बाहेर काढतोय. शेजाऱ्यांनी टॉर्क रेंच देतो म्हटलंय, फिलर गेज माझ्याकडे आहे.