पागेतला चहा

मोटारीतून उतरल्याबरोबर आमच्या सौभाग्यवतींनी पदर सावरला आणि मला विचारले, "अहो, हाच ना त्या ड्यूकचा वाडा?"

समोर चढावर चौसोपी दगडी इमारत उभी होती. दारी चार भक्कम खांब, वर घराण्याचे भलेमोठे मानचिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना खरी शिंगे लावलेली पुरी हरणे आणि माथ्यावर घड्याळाचा मनोरा.

"आई, ही पागा आहे," सूनबाई हसून म्हणाली. "वाडा तिकडे खाली!"

डर्बिशायरमधले चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचे ठाणे. चौथा ड्यूक १७५६-५७ साली ब्रिटनचा पंतप्रधान होता. वाड्यापासून डरवेंट नदीपर्यंत मोकळा देखावा दिसावा म्हणून त्याने जुने तबेले पाडले आणि १७६०च्या सुमारास जेम्स पेन या वास्तुशिल्पज्ञाकडून ही नवी पागा बांधून घेतली. ठाणी ८० घोड्यांची. जोडीला लोहाराची भट्टी. वरच्या मजल्यावर चंदीची कोठारे, आणि तिथेच नोकरमाणसांच्या खोल्या. पुढे सहाव्या ड्यूकने मागे बग्गीखाना बांधला. शेवटचे घोडे १९३९ साली गेले. मग इथे मोटारी आणि अडगळ आली. आता उपाहारगृह आहे.

"घोड्यांच्या पागेत बसून चहा! माहेरी सांगायची सोय नाही," सौभाग्यवती म्हणाल्या, पण केक त्यांनी दोनदा घेतला.

मी मात्र वरच्या खिडक्यांकडे पाहत होतो. त्यांतल्या एका खोलीच्या दारावर 'थर्ड पोस्टिलियन' ही अक्षरे अजून आहेत, असे डचेस डेबोरा यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे. पोस्टिलियन म्हणजे बग्गीच्या डाव्या घोड्यावर बसून जोडी हाकणारा. हा हुद्द्याने तिसरा. हुद्दा तेवढा दारावर राहिला.

माझे आजोबा एका संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारीत नसे. "संस्थानच्या नोकरीत होते," असे वडील सांगत. चौथीत असताना मास्तरांनी विचारले, तेव्हा मी "कारकून" म्हणून ठोकून दिले. मागे वळून पाहतो तो मला न्यायला आलेले आजोबा दारात उभे! ते काही बोलले नाहीत. माझे दप्तर त्यांनी खांद्याला अडकवले आणि चालू लागले. खरारा करून करून त्यांच्या तळहाताला घट्टे पडले होते. त्या हातात माझा हात होता.

हे मी तिथे, चहाच्या टेबलापाशी, पहिल्यांदा सांगितले.

"चाळीस वर्षांत मला बोलला नाहीत कधी!" सौभाग्यवती म्हणाल्या. मुलगा कपातल्या चहाकडे बघत राहिला.

नातवाला मात्र यात लपवण्यासारखे काय आहे तेच कळेना. "म्हणजे ते इतके मोठे घोडे सांभाळायचे? एकटे?"

"एकटे नव्हे रे. पण त्यांच्यावाचून घोडा चंदीला तोंड लावीत नसे, असे म्हणत."

"नाव काय त्यांचं?"

मी पूर्ण नाव सांगितले. त्याने खिशातून सहलीची वही काढली आणि पेन्सिल ओली करून म्हणाला, "आजोबा, स्पेलिंग सांगा."